खोल पाणी आणि उथळ जबाबदारी

२०२४ सालच्या मे महिन्यातील तीन दिवस भीमा आणि प्रवरा या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहतील. २१ मे रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीच्या फुगवट्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहाजणांना जलसमाधी मिळाली. २२ मे रोजी अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत पोहावयास उतरलेले दोन तरुण बुडाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शोधार्थ धुळ्याहून आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकडीची बोट भोवऱ्यात सापडून उलटली व दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. यांपैकी पहिल्या दोन घटनांना दुर्दैव म्हणून बाजूला सारण्याची आपल्याकडे रीत आहे. तिसऱ्या घटनेबाबत ती सोय नाही. तेथे बुडाले ते पाण्याची माहिती नसलेले वाटसरू नव्हते. याच कामासाठी नेमलेले, गणवेशातील, कर्तव्यावरील शासकीय सेवक होते. पाण्यातून माणूस बाहेर काढणे ही एक विद्या आहे, ती शिकावी लागते, आणि कित्येकदा त्या विद्येचा पहिला धडा पाण्यात न उतरण्याचा असतो, ही गोष्ट या घटनेने फार मोठी किंमत घेऊन सांगितली.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना हा प्रश्न दूरचा नाही. घोडनदीच्या काठी वसलेले आणि जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘घोडनदी’ याच नावाने असलेले शिरूर, चिंचणीचे घोड धरण, टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामधून वाहणारी कुकडी व तिने खडकात कोरलेले रांजणखळगे, दोन्ही तालुक्यांच्या सीमेवरून जाणारी भीमा, रांजणगाव सांडसजवळ तिला मिळणारी मुळा-मुठा आणि दौंडच्या खाली सुरू होणारे उजनीचे पसरट पाणी असा हा सारा मुलूख पाण्याने वेढलेला आहे. त्याच वेळी त्यातील निम्मी गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हा विरोधाभास येथे नवा नाही. वाळूच्या बेसुमार उपशाने नद्यांच्या तळाला मोठमोठे खड्डे पाडले आहेत. कालपर्यंत कमरेइतके पाणी असलेल्या जागी आज दोन पुरुष खोल डोह असतो आणि वरून त्याचा मागमूसही लागत नाही. त्याशिवाय शेतोशेती विहिरी आहेत, त्यांच्या तळाशी अडकलेल्या मोटारी आहेत आणि गाळाने तुंबलेले फूटव्हॉल्व्ह आहेत.

या पाण्यात कोण उतरते? एखादा बुडाला की पोलीस पाटील निरोप धाडतो आणि गावातला किंवा शेजारच्या गावातला एखादा पट्टीचा पोहणारा, बहुधा भोई समाजातला मच्छीमार, अंगावरचे कपडे काढून पाण्यात शिरतो. त्याच्याजवळ दोर असला तर असतो. तो श्वास रोखून तळ चाचपतो, वर येतो, पुन्हा बुडी मारतो. काठावर दोनशे माणसे उभी असतात. देह सापडला तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘स्थानिक पाणबुड्यांच्या साहाय्याने’ एवढे तीन शब्द त्याच्या वाट्याला येतात. त्याचे नाव कोणत्या नोंदवहीत असते, त्याला शिकविले कोणी, त्याचे काही बरेवाईट झाले तर त्याच्या घरच्यांकडे पाहणार कोण, हे प्रश्न विचारण्याची वेळ येत नाही, कारण तोवर पंचनामा आटोपलेला असतो.

जगात याच पाण्याचा अत्यंत बारकाईने विचार करणारा एक लहानसा वर्ग आहे. हौशी पाणबुड्यांसाठी प्रशिक्षण संस्थांनी चाळीस मीटरची मर्यादा घालून दिली आहे. तिच्या पलीकडे, बुडालेल्या जहाजांत, पाण्याने भरलेल्या गुहांत, जेथून थेट वर येता येत नाही अशा जागी जाणाऱ्यांच्या विद्येला १९९० च्या सुमारास ‘टेक्निकल डायव्हिंग’ असे नाव पडले. श्रीमंत देशांतील श्रीमंतांचा हा छंद आहे असे कोणी म्हणेल, आणि ते पुष्कळसे खरेही आहे. परंतु या छंदाने धोका, प्रशिक्षण आणि वैयक्तिक जबाबदारी यांचा परस्परसंबंध ज्या स्वच्छपणे मांडला आहे तसा तो आपल्या कोणत्याही शासकीय परिपत्रकात आढळत नाही.

त्यामागचे गणित शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचे नाही. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे तीस मीटरवर तो पृष्ठभागावरच्या चौपट आणि नव्वद मीटरवर दहापट होतो. बारा लिटरच्या नळकांड्यात दोनशे वातावरणांच्या दाबाने हवा भरली तर ती २४०० लिटर होते. मिनिटाला वीस लिटर लागणाऱ्या माणसास ती पृष्ठभागावर दोन तास पुरेल. तीस मीटरवर तिला अर्धा तास पुरतो, नव्वद मीटरवर बारा मिनिटे. शिवाय हवा हीच खोलवर विष बनते. तिच्यातील नायट्रोजन तिशीच्या पुढे नशा आणतो, आणि माणसाला आपण नशेत आहोत हेच कळत नाही. प्राणवायूचा अंशदाब १.६ वातावरणांच्या वर गेला की झटके येण्याचा धोका असतो. साध्या हवेबाबत ही सीमा सहासष्ट मीटरच्या आसपास येते, शुद्ध प्राणवायूबाबत अवघ्या सहा मीटरवर. म्हणून खोल जाणारे हेलियम मिसळलेली हवा वापरतात आणि वर येताना टप्प्याटप्प्याने निरनिराळ्या नळकांड्यांतून श्वास घेतात. घाईने वर आल्यास रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. पुलाच्या पायासाठी दाबाच्या हवेच्या पेटीत काम करणाऱ्या मजुरांना एकोणिसाव्या शतकात याच विकाराने गाठले होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये त्याच विकाराने कायमचा अधू झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली तेव्हा कोठे ते दुखणे टाळण्याची पद्धतशीर रीत हाती आली. त्यापूर्वी मेलेले मजूर निष्काळजी नव्हते. आपल्या अंगात काय घडते आहे हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. वैयक्तिक जबाबदारीची भाषा करणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावयास हवा. आधी ज्ञान येते आणि मग जबाबदारी.

पाण्याने भरलेल्या गुहांत शिरण्याचा नाद अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९६० नंतर वाढला आणि त्याबरोबर मृत्यूही वाढले. तेथे शेक एक्सली नावाचा एक गणिताचा शाळामास्तर होता. त्याने एकेक अपघात घेऊन, नेमके काय चुकले याची छाननी केली आणि १९७९ मध्ये एक लहानशी पुस्तिका काढली. तिचे निष्कर्ष साधे होते. मेलेल्यांपैकी बहुतेकांनी बाहेरच्या तोंडापासून अखंड दोर आत नेलेला नव्हता. किंवा एक तृतीयांश हवा जाण्यास, एक तृतीयांश परतण्यास आणि उरलेली अडचणीसाठी हा हिशेब मोडला होता. किंवा ते साध्या हवेवर झेपणार नाही इतके खोल गेले होते. पुढे यात प्रशिक्षणाचा अभाव हे कारण ठळकपणे जोडले गेले. येथे एक गोष्ट चकित करणारी आहे. गुहांत मेलेल्यांमध्ये उघड्या समुद्रात इतरांना पाणबुडी शिकविणारे प्रशिक्षकही होते. अनेक गुहांच्या तोंडाशी आज पाण्याखाली मृत्यूचे चित्र असलेली पाटी उभी आहे आणि तिच्यावर हे स्पष्ट लिहिलेले आहे. एका पाण्यात मिळविलेले प्रावीण्य दुसऱ्या पाण्यात उपयोगी पडेलच असे नाही. घोडनदीच्या डोहात तरबेज असलेला माणूस बंधाऱ्याखालच्या भोवऱ्यात नवशिकाच असतो.

एक्सली स्वतः ६ एप्रिल १९९४ रोजी मेक्सिकोतील झाकातोन या अतिखोल विवरात मरण पावला. ज्याने नियम लिहिले तोच गेला, म्हणून नियम फोल असे अनुमान काही लोक काढतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ते पटणार नाही. फ्रँक नाइट याने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत जो भेद केला तो येथे तंतोतंत लागू पडतो. ज्याची संभाव्यता मोजता येते ती जोखीम, जी मोजता येत नाही ती अनिश्चितता. अपघातांची छाननी करून ती सर्वांपुढे मांडणे म्हणजे अनिश्चिततेचा एक तुकडा तोडून त्याची जोखीम बनविणे होय. एक्सलीचा अखेरचा प्रवास हा उरलेल्या अनिश्चिततेच्या प्रदेशातला होता आणि तो कोणाच्या हुकुमावरून तिकडे गेला नव्हता. त्याच्या पुस्तिकेने मात्र शेकडो सामान्य पाणबुड्यांना त्या प्रदेशाच्या अलीकडे थांबविले असणार.

या लोकांच्या दोन प्रथा विशेष विचार करण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, आपल्या नळकांड्यात कोणता वायू आहे हे प्रत्येकाने स्वतः मोजावयाचे, त्यावर मोठ्या अंकांत कमाल खोली लिहावयाची आणि स्वतःची सही करावयाची. भरणारा कितीही विश्वासू असो, मित्र असो वा गुरू असो, त्याच्या शब्दावर श्वास घ्यावयाचा नाही. दुसरी प्रथा याहून अधिक मोलाची आहे. पथकातील कोणीही, अगदी कनिष्ठ माणूसही, कोणत्याही क्षणी, कोणतेही कारण न देता ‘परत’ अशी खूण करू शकतो आणि ती खूण दिसताच सर्वांनी परतावयाचे असते. वर आल्यावर त्याला ‘का’ म्हणून विचारावयाचे नाही. ज्या समाजात मुख्याध्यापकापुढे साहाय्यक शिक्षक, तहसीलदारापुढे लिपिक आणि ठेकेदारापुढे मजूर ‘हे होणार नाही’ असे म्हणू शकत नाही, त्या समाजाला ही प्रथा उद्धट वाटेल. परंतु वैयक्तिक जबाबदारी या शब्दाला जर काही अर्थ असेल तर तो नकाराच्या या अधिकारातच आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या माथी जबाबदारी मारणे म्हणजे केवळ दोषाची पूर्वतयारी करून ठेवणे होय.

थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २०१८ च्या जून-जुलैमध्ये बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, ती हकीकत सर्वांनी ऐकली आहे. पाणी उपसण्याच्या कामी किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते तेथे गेले होते, याचा महाराष्ट्राला अभिमानही वाटला. पण त्या घटनेतील दोन मृत्यूंऐवजी तेरा सुटकांचीच कथा अधिक सांगितली जाते. थायलंडच्या नौदलातील माजी सैनिक समन कुनान हा ६ जुलै रोजी गुहेत नळकांडी ठेवून परतताना मरण पावला, आणि तेथेच जंतुसंसर्ग झालेला दुसरा एक नौसैनिक पुढच्या वर्षी दगावला. त्या नौसैनिकांचे शौर्य वादातीत होते; त्यांचे शिक्षण मात्र समुद्राचे होते, गुहेचे नव्हे. मुलांपर्यंत प्रथम पोचले ते एक निवृत्त आग विझविणारा आणि एक संगणक-व्यावसायिक असे दोघे ब्रिटिश, आणि मुलांना बेशुद्ध करून बाहेर काढण्याच्या कामी निर्णायक ठरला तो गुहांत उतरण्याचा सराव असलेला एक ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ. हुद्द्यापेक्षा त्या विशिष्ट पाण्याचा सराव श्रेष्ठ ठरला आणि थायलंडच्या शासनाने ते मान्य केले, हे त्या शासनाचे मोठेपण म्हटले पाहिजे. त्याच वर्षी १३ डिसेंबर रोजी मेघालयातील क्सान येथे बेकायदा कोळसा खाणीत पंधरा मजूर अडकले. तेथे आलेल्या नौदलाच्या पाणबुड्यांनी पाणी तीस मीटरच्या आसपास उतरल्याखेरीज तळ गाठता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. काठावरून पाहणाऱ्यांना ते कठोर वाटले असेल. प्रशिक्षित माणूस कसा बोलतो याचा तो नमुना होता.

येथे सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. जिवंत माणसासाठी जीव धोक्यात घालणे आणि मृतदेहासाठी घालणे यांत फरक करावयाचा की नाही? दक्षिण आफ्रिकेतील बोएस्मान्सखाट या विवरात २७० मीटर खोलीवर दहा वर्षांपूर्वी मरण पावलेल्या एका तरुणाचा देह डेव्ह शॉ या पाणबुड्याला आढळला. मुलाच्या आईवडिलांना तो परत मिळावा म्हणून मोठी तयारी करून तो जानेवारी २००५ मध्ये पुन्हा उतरला आणि तेथे दोरात गुंतून, श्रमाने श्वास कोंडून गेला. पुढे दोर वर ओढताना दोघांचेही देह वर आले. त्याच्या हेतूच्या उदात्ततेविषयी कोणी शंका घेणार नाही. पण एका आईच्या शोकाचे सांत्वन दुसऱ्या घरात शोक निर्माण करून झाले, ही वस्तुस्थिती त्या उदात्ततेने झाकत नाही. सुगावची बोट उलटली ती दोन तरुण बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, हेही येथे आठवावे.

तथापि, काठावर आक्रोश करणाऱ्या नातेवाइकांना केवळ भावनाविवश म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. देह हवा असतो तो अंत्यसंस्कारासाठी, हे खरे. परंतु देहावाचून मृत्यूचा दाखला मिळत नाही हेही तितकेच खरे. दाखल्यावाचून विम्याची रक्कम, निवृत्तिवेतन, सात-बारावरील वारसनोंद, बँकेतील चार पैसे, सारे अडून राहते. बेपत्ता माणूस मृत समजण्यास कायद्याने सामान्यतः सात वर्षांची मुदत सांगितली आहे. कमावता माणूस गमावलेल्या विधवेने सात वर्षे थांबावे असे ज्या व्यवस्थेत घडू शकते, तेथे पाणबुड्यावर येणारे दडपण हे रूढीचे कमी आणि कागदाचे अधिक असते. २०१३ च्या केदारनाथ प्रलयानंतर आणि २०२१ च्या चमोलीच्या दुर्घटनेनंतर बेपत्तांना लवकर मृत घोषित करण्याची खास तरतूद शासनाने केली होती. मग साक्षीदारांसमक्ष नदीत वाहून गेलेल्या एकट्यादुकट्या माणसासाठी तशी सुटसुटीत तरतूद कायम स्वरूपात का असू नये? महसूल खात्याच्या एका आदेशाने जितक्या पाणबुड्यांचे प्राण वाचतील तितके नव्या बोटींनी वाचतीलच असे नाही. (बोटी खरेदी करण्यात मात्र खात्यांचा उत्साह दांडगा असतो, कारण त्यांचे उद्घाटन करता येते.)

आता नाण्याची दुसरी बाजू. शिरूर-दौंडकडील कितीतरी तरुण सुटीत मालवण-तारकर्लीला जातात आणि तेथे पाण्याखालचे मासे पाहून येतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाचे प्रशिक्षण देणारी संस्था उभी केली, स्थानिक मुलांना त्यातून रोजगार मिळाला, हे स्तुत्य आहे. समुद्रात उतरण्यापूर्वी पर्यटकाच्या हाती एक कागद दिला जातो आणि तो न वाचता सही करतो. ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर’ अशा अर्थाचा तो मजकूर असतो. या सहीचा आणि टेक्निकल डायव्हरने नळकांड्यावर केलेल्या सहीचा गुणधर्म एक नव्हे. तो सही करतो ती मोजून. हा करतो ती रांगेत मागचे खोळंबले आहेत म्हणून. श्वास रोखून वर येऊ नये, अगदी थोड्या खोलीवरूनही फुप्फुस फाटू शकते, हे एक वाक्य तरी त्याला त्याच्या भाषेत नीट समजावून सांगितले आहे काय, यावर त्या सहीचे मोल अवलंबून आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्यानजीक उलटून दोघे मरण पावले. पाण्याखालच्या धोक्याची सही घेतली जाते आणि माणसे मरतात ती पाण्याच्या वर, बोटीत. बोटीची क्षमता, तिची तपासणी, जीवरक्षक जाकिटे या गोष्टी पर्यटकाच्या ‘स्वतःच्या जबाबदारी’त कशा येतील? शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आखले, नोंदणी व सुरक्षिततेच्या अटी घातल्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्याय्य कराराची कल्पना प्रथमच कायद्यात आणली. साधने आहेत. ती हाती धरणारे हात हवेत.

अॅडम स्मिथने १७७६ मध्येच लिहून ठेवले आहे की, तरुण माणसे स्वतःच्या नशिबाविषयी आणि सामर्थ्याविषयी अवास्तव कल्पना बाळगतात आणि धोक्याची किंमत कमी लेखतात. त्याचेच दुसरे म्हणणे असे की, ज्या कामात अप्रियता अधिक त्या कामाची मजुरी अधिक असावयास हवी. पहिले विधान विहिरीच्या थारोळ्यावरून सूर मारणाऱ्या पोरांना पाहिले की पटते. दुसरे मात्र आपल्याकडे सपशेल खोटे ठरते. ठाणे, वसई, रायगडच्या खाड्यांत डुबी पद्धतीने वाळू काढणारा मजूर बादली घेऊन तळाशी बुडी मारतो, दिवसभर मारतो. त्याचे कान फुटतात आणि मजुरी तेवढीच राहते. आपल्याकडे विहिरीच्या तळाशी जाऊन अडकलेल्या मोटारीला दोर बांधणाऱ्याला शे-पाचशे रुपये आणि एक जेवण मिळते. श्वास अधिक टिकावा म्हणून बुडी मारण्यापूर्वी तो भराभर दहा-वीस श्वास घेतो. त्याने रक्तातील कर्बवायू घटतो, श्वास घेण्याची ओढ उशिरा लागते आणि कोणतीही पूर्वसूचना न मिळता माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. त्याला हे सांगितले आहे कोणी? जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याचा शहाणपणा आपल्या वाडवडिलांपाशी होता. कंदील विझला तर आत प्राणवायू नाही हे त्यांना समजे. परंतु विहिरीत उतरवलेल्या डिझेल इंजिनाने सोडलेला विषारी वायू कंदील विझवीत नाही, हे ज्ञान नंतरचे आहे आणि ते वाडीवस्तीपर्यंत पोचलेले नाही. जगातील टेक्निकल डायव्हर वायू मोजतो. आपला माणूस अजून कंदिलावर आहे, आणि पुष्कळदा कंदीलही नसतो. अशा माणसास उद्देशून ‘ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी’ असे म्हणणे, हा सुशिक्षितांचा आळस आहे.

शिक्षकवर्गाचा येथे थेट संबंध येतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील चौदा विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींवर निर्बंध आले, पालकांची संमतिपत्रे आली, हमीपत्रे आली. म्हणजे पुन्हा सह्याच आल्या. पाण्यात काय करावे आणि काय करू नये हे शिकविणारा एक तास काही वेळापत्रकात आला नाही. बुडणाऱ्याकडे धाव घेण्याऐवजी दोर, ओढणी, काठी, रिकामा डबा यांपैकी जे हाताशी असेल ते फेकावे, हे दहावीच्या प्रत्येक मुलाला पाठ असावयास हवे. एकाला वाचविण्यास दुसरा, दुसऱ्याला वाचविण्यास तिसरा अशी एकाच घरातील दोन-तीन माणसे एकाच शेततळ्यात गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्या वाचताना हातातला चहा क्षणभर थांबतो, इतकेच.

शिरूर आणि दौंडच्या तहसील कार्यालयांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला मोठा खर्चही नाही. पाण्यात उतरणाऱ्या स्थानिक माणसांची तालुकावार नोंदवही करावी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुणे जिल्ह्यातच सुदुंबरे येथे आहे; वर्षातून आठवडाभर या नोंदवहीतील माणसांना तिच्या हाती सोपवावे. त्यांना पाण्यात घालवलेल्या दिवसाची ठरीव मजुरी आणि शासनाच्या खर्चाने विमा मिळावा. वाहत्या पाण्यात, बंधाऱ्याच्या पायथ्याशी आणि अंधार पडल्यावर देहाचा शोध घेऊ नये, असा स्पष्ट लेखी आदेश असावा. मुख्य म्हणजे, पाणबुड्याने ‘आज उतरता येणार नाही’ असे म्हटले की तो शब्द अखेरचा मानावा आणि तसे गर्दीला सांगण्याचे काम तहसीलदाराने अथवा फौजदाराने स्वतः करावे. त्या गरीब माणसाला मृताच्या भावकीपुढे एकटे उभे करू नये. हे शेवटचे कलम सर्वांत स्वस्त आहे आणि अमलात आणावयास सर्वांत कठीण.

प्रत्येक बुडीत मृत्यूची छाननी हे त्यापुढचे काम होय. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या अहवालात देशात दरवर्षी बुडून मेलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या वर असतो. तो बोट उलटणे, पाण्यात पडणे आणि इतर अशा ढोबळ रकान्यांत वाटला जातो. पाणी किती खोल होते, तळाला वाळूचा खड्डा होता काय, विहिरीला पायऱ्या होत्या काय, पाटाला सुरक्षित घाट होता काय, बुडालेल्यास पोहता येत होते काय, मदतीस धावलेला कसा बुडाला, यांतले काहीही त्या आकड्यातून कळत नाही. फ्लोरिडातील एका शाळामास्तराने फावल्या वेळात केले ते काम आपल्याकडे तालुक्याच्या महाविद्यालयातील पदवीचे विद्यार्थी एका उन्हाळ्यात करू शकतील. पोलीस ठाण्यातील अकस्मात मृत्यूच्या नोंदी, तलाठ्याचे पंचनामे आणि गावातील दोन जाणत्या माणसांची जबानी एवढी सामग्री त्याला पुरे. त्यातून जो तक्ता तयार होईल तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला, तर वाळूउपशाने पडलेला कोणता खड्डा किती जीव खाऊन बसला आहे हे गावाला समजेल. तो खड्डा पाडणाऱ्याला नोटीस कोणी काढावयाची, हा प्रश्न मग ग्रामसभेत नाव घेऊन विचारता येईल.